लाल गाडीतला खोटा सेल

आमची सूनबाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. त्या दिवशी मुख्याध्यापिका तिच्या तासाला मागे बसणार होत्या. तिला कायम करायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

तयारीची पिशवी जेवणाच्या टेबलावर होती. दोन खेळण्यातल्या मोटारी, एक निळी, एक लाल. लाल गाडीच्या पोटात दोनपैकी एक सेल चकचकीत कागदात गुंडाळलेला दिसला. फुसका असणार, असं मला वाटलं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पेचकस क्वचितच धरला. पण त्या दिवशी उत्साह आला. भिंतीवरच्या घड्याळातला नवा सेल काढून मी गाडीत घातला आणि कुणाला बोललो नाही.

ती गेल्यावर बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"अहो, तो सेल नव्हताच! झाडूच्या दांडीचा तुकडा मीच कापून दिला तिला, वर वीज जायला चंदेरी कागद. एकाच सेलवर गाडी हळू चालावी म्हणून. तुम्हाला नसता शहाणपणा सांगितला होता कुणी?"

तुकडा खिशात टाकून मी धावतपळत शाळा गाठली.

प्रयोगशाळेत मुलं जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. फळ्यावरच्या आलेखात दोन्ही गाड्यांच्या रेषा एकमेकींवर चढल्या होत्या.

"बाई, लाल हळू म्हणालात ना?" एक मुलगा म्हणाला. मागे मुख्याध्यापिका वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"सूनबाई, चूक माझी आहे," म्हणत मी दारातूनच तुकडा पुढे केला.

तिने तो पाहिला आणि हसू दाबलं. "बाबा, आत या. मुलांनो, हा एका सेलच्या जागी घातला तर लाल रेषेचं काय होईल?"

"झोपेल!" एक मुलगी ओरडली.

घड्याळाचा सेल माझ्या खिशात गेला, तुकडा गाडीत. पुन्हा मोजलं. रेष झोपली, पण सरळच राहिली. मग गाड्या समोरासमोर सोडल्या तर कुठे भेटतील, याची मुलांनी आकडेमोड करून निळीपासून तीन मीटरवर खडूने फुली मारली. दोन टोकांकडून गाड्या सोडल्या. फुलीपासून बोटभर अंतरावर त्या एकमेकींवर आदळल्या. मुख्याध्यापिकाही खुर्ची सोडून वाकून बघत होत्या.

"हे आजोबा पाठात ठरलेले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. आयत्या वेळी आले."

"मग पुढच्या वर्षी ठरवूनच आणा."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. 'पुढच्या वर्षी' दोघांनीही ऐकलं होतं.

घरी पोचलो तर घड्याळ पावणेनऊवर थांबलेलं. मी खिशातून सेल काढला.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "आता निदान हा तरी नीट बसवा."