वासरांपाशी प्रार्थना

माझी मैत्रीण मारिट हिच्या आईचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी मारिटला छातीठोकपणे सांगितलं, "मी रोज सकाळी प्रार्थना करणार!" पण पलंगाशी गुडघे टेकून डोळे मिटले, की मला सरळ झोपच लागायची. शाळेच्या वाटेवर मारिट सायकल जवळ आणून विचारायची, "केलीस ना?" आणि माझं तोंड एवढंसं व्हायचं.

शेवटी मी गोठ्यात बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वासरांना दूध पाजायला कधी विसरतेस का? मग इथेच कर की."

"इथे? या शेणाच्या वासात?"

"प्रभू येशू कुठे जन्मला होता, यान्टिनाबाई?"

दुसऱ्या दिवशी वासराच्या तोंडात बाटली दिली आणि डोळे उघडे ठेवून मोठ्याने सुरुवात केली. त्याने ढुशी दिली, दूध बुटांवर सांडलं, तरी बाटली संपेपर्यंत मी बोलत राहिले. वासरं रोजच भुकेली असतात, त्यामुळे तेव्हापासून एकदाही खाडा झाला नाही.

आज ऑपरेशन होतं. कालव्याच्या काठी मारिटने सायकल थांबवली. "प्रार्थनेत काय म्हणू, मला काही सुचतच नाहीये गं."

"सुचायला कशाला हवं? मी तर वासरासमोर काहीही बोलते."

ती रडता रडता हसली. मग मी तिचा हात धरला आणि आम्ही तिथेच उभ्या राहून प्रार्थना केली.