चित्रात अण्णा नाहीत

नागेशअण्णांनी अंगठ्याला थुंकी लावून पान परत उलटलं. मागून बघितलं, पुढून बघितलं, मग खिडकीच्या उजेडात धरलं.

"मी कुठं आहे गं यात?"

समोर बसलेल्या निवेदितानं चहाचा कप खाली ठेवला. हुबळी-धारवाडच्या नाव काढलेल्या बायकांचं चित्रकथांचं पुस्तक निघणार होतं. त्यातली अण्णांच्या बायकोची, मथुराअक्काची गोष्ट या पोरीनं काढली होती. अक्कानं धारवाडच्या मळमड्डी भागातल्या निम्म्या बायकांना स्कूटर शिकवली. पण अक्काला कुणी शिकवली? अण्णांनी! रायापूरच्या रस्त्याला भर उन्हात, मागची स्टेपनी धरून, बैलासारखं पळत. आपल्या भांड्यांच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगून बसले होते, पुस्तकात आपण पण आहे म्हणून. आता बाजारात तोंड कसं दाखवायचं?

"कुत्रं काढलंस. त्याला शेपूट पण काढलीस. आणि मी नाही?"

"काढलं होतं की, अण्णा. अक्कांनी खोडायला लावलं."

"का? बरा दिसत नव्हतो?"

"पोट जरा जास्त झालं होतं. पण त्याच्यासाठी नव्हे."

"मथुरे!" अण्णा स्वयंपाकघराकडं ओरडले. "बाहेर ये आधी!"

अक्का हाताचं पीठ पुसत आली. चित्रात ती, स्कूटर, कडेला कुत्रं, आणि मागं नुसता रस्ता.

"बरोबर काढलंय तिनं. सोडू नका, सोडू नका म्हणून मी बोंबलत होते. यांनी गपचूप हात सोडला. गाडी वळवून बघते तर हे कुठल्या कुठं लांब उभे! त्या दिवशी कळलं मला, आपल्याला येतंय." ती निवेदिताकडंच बघत बोलत होती. "बाकीच्यांचे नवरे धरून धरून पाडतात, मेले. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एकेकीला सांगते मी हे."

निवेदितानं पेन्सिल काढली.

"मग लांब एवढेसे अण्णा काढू? कसे उभे होता, अण्णा?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी पळता पळता चप्पल तुटून ते खडीवर चांगले पालथे पडले होते. अक्कानं गाडी वळवेपर्यंत धूळ झटकून कसेबसे उठले होते, आणि लचकलेली कंबर दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"नको गं," ते म्हणाले. "मोकळंच बरं दिसतंय."

"बघ," अक्का निवेदिताला म्हणाली. "कधी मोठेपणा घेत नाहीत."