निळ्या सरबतातला बर्फ

तड्. ग्लासातल्या बर्फाला तडा गेला आणि दिवाणखान्यातली शांतता मोडली. दाटीवाटीने बसलेली माणसं माना उंचावून माझ्या थोरल्या जावेच्या हातातल्या ग्लासाकडे बघत होती. सरबत निळंशार. बर्फाखालून एक जांभळा धागा सुटला, खाली उतरला, पसरला आणि बघता बघता अख्खा ग्लास गुलाबी झाला.

"निघाला," सरबतबाबा हलकेच म्हणाले. "रोग म्हणजे निळाई. निळाई गेली, रोग गेला. आता सुरीखाली जायचं काय काम, बाई?"

जावेच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती हिने चुकवली. पुढची दिली, तीही चुकवली. बाबा दर आठवड्याला यायचे आणि हिचा ग्लास दर वेळी गुलाबी व्हायचा.

"माझं निळंच राहिलं की, बाबा," शेजारच्या शिंपीणबाई कुरकुरल्या.

"विश्वास कच्चा आहे. पुढच्या खेपेला पिकवून आणा. आणि ग्लास हलवू नका, कृपा दचकते."

मला हसू फुटलं. नवऱ्याने कोपराने ढोसलं. तान्ह्याला मांडीवर घेऊन मी मागे बसले होते. बाबांचा चेला दोन भांड्यांतून बर्फ वाढत होता; त्याच्या चिमट्यातून एक खडा निसटून आमच्याकडे घरंगळला. जावेच्या धाकट्या लेकीने तो उचलून तोंडात टाकला आणि लगेच माझ्या तळहातावर थुंकला.

"शी. काकू, आंबट आहे."

मी जिभेला लावून बघितला. लिंबू.

उन्हाळ्यात पाहुणे येणार असले की मी स्वतः लिंबाच्या रसाचा बर्फ करून ठेवते, कारण पाण्याच्या बर्फाने सरबत पांचट होतं. आणि पाण्याला असाच निळा रंग देणाऱ्या गोकर्णाचा वेल तर आमच्याच कुंपणावर. दोन्ही रोज हाताखाली होतं. एकत्र करायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावेला आणि शिंपीणबाईंना माझ्या स्वयंपाकघरात बसवलं. त्यांच्यासमोर गोकर्णाची फुलं उकळत्या पाण्यात टाकली, निळं पाणी गाळलं, साखर घालून गार केलं. जावेच्या ग्लासात लिंबाचा बर्फ, शिंपीणबाईंच्या ग्लासात पाण्याचा. जावेचं सरबत गुलाबी होत गेलं. शिंपीणबाईंचं निळंच.

"थांबा, तुमचा विश्वास पिकवते," म्हणत मी त्यांच्या ग्लासात अर्धं लिंबू पिळलं. तेही गुलाबी झालं. "आंबट पडलं की या फुलाचा रंग पालटतो. बाबांच्या चेल्याकडे बर्फाची दोन भांडी आहेत. कुणाला कुठला द्यायचा ते बाबा ठरवतात. चमत्कार तो एवढाच."

शिंपीणबाईंनी घोट घेतला. "लागतं मात्र झकास. साखर किती घातलीस?"

जावेने आपला ग्लास खाली ठेवला. "मला शंका येतच नव्हती असं नाही गं," ती म्हणाली. "पण ग्लास गुलाबी झाला की त्या रात्री झोप लागायची. ऑपरेशनची तारीख घेतली की डोळ्याला डोळा लागत नाही."

"ताई, उद्या जाऊ. मी येते बरोबर."

गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पुन्हा करून घेतल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पसरलंय," त्या म्हणाल्या. "आता कापून उपयोग नाही. दुखणं कमी करता येईल तेवढं करू."

बाबा आता मागच्या गल्लीत बसतात. शिंपीणबाईही जातात. "त्यांचं खरं असेलही," मला म्हणतात. "तू केलंस ते आपलं घरगुती."

तुमच्या दारी असा कुणी आला तर ग्लास खुशाल हलवा. बर्फ चाखून बघा, भांडी किती आहेत ते विचारा. आणि सरबत आवडलं तर जरूर प्या, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका.

आज दुपारी जावेसाठी सरबत करत होते. गार असेल तरच तिच्या घशाखाली उतरतं. पुतणी ओट्याशी उभी राहून साच्यातला बर्फ सोडवत होती. एक खडा तिने तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "काकू, मी हा बर्फ पहिल्याच दिवशी खाल्ला असता, तर आई बरी झाली असती?"