तिसऱ्या सिलिंडरचा जुना रॉड

मित्रांनो, मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे आणि मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं बोलणं तिरकं वाटलं तर तुम्हाला नवल वाटायला नको.

ज्यांना माझं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या इंजिनात पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टन खाली ढकलला जातो. तो धक्का खालच्या क्रँकपर्यंत, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचवायचा आणि क्रँक फिरली की पिस्टनला पुन्हा वर न्यायचं, हे माझं काम. मिनिटाला तीन-तीन हजार वेळा. नाव मात्र सगळं पिस्टनचं होतं.

माझा जन्म साच्यातला. तापलेला रस ओतला, गार झाल्यावर बाहेर काढलं, घासलं, तोललं. सारख्या वजनाचे चौघे एकत्र आले, ते आम्ही भाऊ. माझ्या खालच्या टोकावर तीन हा आकडा ठोकलेला आहे, कारण माझी जागा तिसऱ्या सिलिंडरमध्ये.

एकाच गाडीत मी एकोणीस वर्षं राबलो. गाडी मिस्त्रींची. मिस्त्री इंजिनं बांधतात आणि त्यांचं गॅरेज घराखालीच आहे. या गाडीतून त्यांनी मुलाला शाळेत सोडलं, बायकोला दवाखान्यात नेलं, मुलाची वरातही याच गाडीतून आली. एकदा बॉनेटवर हात ठेवून ते शेजाऱ्याला म्हणाले होते, "आतली चौकडी पक्की आहे." एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं. मी ते किती वर्षं पुरवून पुरवून वापरलं, ते माझं मला ठाऊक.

मुलाचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आली. ती मापं घेणारी. एका कारखान्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग शोधत बसायची तिची नोकरी. गाडी चालवायची तिला भारी हौस, आणि मिस्त्रींना वाटलं, सुनेसाठी ही गाडी जरा तेज करावी. इंजिनात जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणारा टर्बो बसवायचं ठरलं. रोज रस्त्यावर चालेल, पण मनात आलं तर सुसाट पळेल अशी गाडी.

इंजिन उघडलं गेलं. आम्हा चौघांना पुसून बाकावर मांडलं. मिस्त्री म्हणाले, "एवढा मार या ओतीव रॉडांना सोसायचा नाही. घणाखाली ठोकलेले घडीव पाहिजेत." माझ्या तोंडावर म्हणाले. एकोणीस वर्षांनंतर!

मग सुरू झाली निवड. रॉड मिस्त्रींनी निवडायचे, पिस्टन सूनबाईने. मिस्त्री आठवडाभर चष्मा लावून याद्या चाळत होते. कोणता रॉड वजनाला हलका, कोणाचे बोल्ट जास्त दणकट, लांब रॉड घेतला तर पिस्टनचा दाब सिलिंडरच्या भिंतीवर कमी पडेल का. मी ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो. माझ्यावर कोणी आयुष्यात पाच मिनिटं तरी असा विचार केला होता का?

सूनबाईचंही तेच. तिला घडीव पिस्टन हवे होते, डोक्यावर खोलगट वाटी असलेले, म्हणजे टर्बोचा दाब वाढला तरी इंजिन आतून ठोके देणार नाही. हे पिस्टन तापले की जास्त फुगतात, म्हणून त्यांच्याभोवती जागा जास्त सोडावी लागते. म्हणजे सकाळी गार इंजिन सुरू केलं की ते खुळखुळणार. आम्ही कधी खुळखुळलो असतो तर मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं असतं. यांचं मात्र ते मोठेपण ठरलं.

खोकी आली. प्रत्येक रॉड मऊ खाचेत, तेलकट कागदात गुंडाळलेला. मिस्त्रींनी आधी हात धुतले आणि मग त्याला उचललं. मला कोणी कधी हात धुऊन उचललं नव्हतं. नवा तीन नंबर तर असा चकचकीत होता, की त्याच्या अंगात मिस्त्रींचा चेहरा दिसत होता. देव माझ्या मनातलं ऐकत असता, तर तो तिथेच गंजून लाल झाला असता.

पण झालं भलतंच. जोडणी तपासायला म्हणून मिस्त्रींनी एक पिस्टन नव्या रॉडवर चढवला, सिलिंडरमध्ये सोडला आणि क्रँक फिरवली. पिस्टन वर आला, आणि येतच राहिला. सिलिंडरच्या ठोकळ्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, काठावर तीन मिलिमीटर डोकं काढून थांबला. वर झाकण बसवलं असतं तर ते त्याच्या टाळूवरच आदळलं असतं.

दोघांनी आपापले कागद काढून ताडून पाहिले. मिस्त्रींनी तीन मिलिमीटर लांब रॉड निवडले होते. सूनबाईने पिस्टन निवडले होते मूळ लांबीच्या रॉडांसाठी. दोघांची निवड आपापल्या परीने उत्तम होती. फक्त एकमेकांना विचारायचं राहून गेलं होतं.

"बाबा, मी विचारणार होते," सूनबाई म्हणाली. "पण तुम्हाला वाटलं असतं, काल आलेली पोर माझी मापं तपासते."

"आणि मला वाटलं, तुला विचारलं तर म्हणशील, म्हाताऱ्याला स्वतःचं कळत नाही."

चहा घेऊन आलेल्या मिस्त्रीणबाईंनी पिस्टनकडे बघितलं, दोघांकडे बघितलं. "भाजी काय करायची ते मला दिवसातून तीनदा विचारता. हे विचारायला काय जीभ झिजली असती?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आणि त्यात मिस्त्री म्हणाले, "पिस्टन जुन्या लांबीचे आहेत ना? मग जुनेच रॉड लावू. पिस्टन अडकवायची पिनही त्याच मापाची आहे. टर्बोचा दाब जरा कमी ठेवू." त्यांनी मला उचललं. नवा पिस्टन माझ्या डोक्यावर बसणार होता. तो घडीव शहाणा खोक्यात पडून राहणार होता आणि मी पुन्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये जाणार होतो.

आता एक गोष्ट कबूल करतो. मला एक दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी एका लांब उतारावर गाडी तिसऱ्याऐवजी पहिल्या गिअरमध्ये पडली. इंजिन किंचाळलं, क्रँक वेड्यासारखी फिरली, आणि माझ्या मानेत काहीतरी चर्रकन झालं. तेव्हापासून प्रत्येक फेऱ्याला तिथे ठणकायचं. टर्बोच्या माऱ्यात ती मान फार दिवस टिकणार नाही, हे मला कळत होतं. भर वेगात रॉड तुटला की तो ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. तेल चाकांखाली जातं आणि गाडी हाताबाहेर जाते. स्टिअरिंगवर सूनबाई असणार होती. तरीही मला एवढंच वाटत होतं, की मलाच बसवावं.

सूनबाईने मिस्त्रींच्या हाताकडे बघितलं. "बाबा, आता विचारतेच. हे तपासून घेऊ का?"

"एकोणीस वर्षं चाललेत हे."

"म्हणूनच म्हणते."

मिस्त्रींनी मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मग त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "घे तपासून."

तिने आम्हा चौघांवर लाल रंग फवारला, तो मुरू दिला आणि स्वच्छ पुसून काढला. मग वर पांढरी पूड मारली. कुठे चीर असेल तर तिच्यात लपलेला लाल रंग पुडीवर उमटतो. मी श्वास रोखून धरला, म्हणजे लोखंडाला धरता येतो तेवढा. पहिला कोरा. दुसरा कोरा. चौथाही कोरा. माझ्या मानेवर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली.

मिस्त्री स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी मला सोडलं नाही.

"हे माझ्या हातून झालंय," ते म्हणाले. "उतारावर चुकून पहिला पडला होता. लाज वाटली म्हणून घरात बोललो नाही. आणि आज हाच रॉड तुझ्या गाडीत घालत होतो."

"बोललात ना आता," सूनबाई म्हणाली.

ते लांब रॉड परत गेले आणि मूळ लांबीचे घडीव रॉड आले. या वेळी दोघांनी एकाच कागदावर मापं लिहिली होती. नव्या तीन नंबरसाठीही मिस्त्रींनी हात धुतले. तेव्हाही माझ्या पोटात दुखलं.

आता मी खिडकीजवळच्या फळीवर असतो. सूनबाई सासूला शेजारी बसवून गाडी बाहेर काढते. सकाळी पिस्टन खुळखुळतात, मग तापून गप्प होतात, आणि कोपऱ्यावरून टर्बोचा तो नवा आवाज येतो. तो आवाज मला आवडत नाही. माझ्या जागेवर दुसरा कोणी इतकं छान काम करतो, हे अजूनही सोसत नाही. गाडी परत आली, दोघी हसत उतरल्या, की मात्र मला त्या दिवशीचं माझं मन आठवतं आणि स्वतःचीच भीती वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून मला थांबता येणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. कुठे दुखत असेल तर सांगा. आपली जागा जाईल, दुसऱ्याला मान मिळेल, म्हणून झाकून ठेवू नका. मला तोंड नव्हतं. आणि खरं सांगतो, असतं तरी त्या दिवशी मी ते उघडलं नसतं.