खंडोजीचा परवाना

“रावसाहेब, माझा कागद निघाला का?”

खंडोजी न्हावी कचेरीच्या पायरीखाली उभा राहून विचारत होता. बारा दिवसांत ही त्याची सातवी खेप. बळवंतराव बोरूचं टोक तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सही व्हायची आहे अजून.”

“बाकी चौघांचे निघाले जी. तो उदा तर परसोंपासून चौकात दुकान मांडून बसलाय. मीच अकेला राहिलो. काही कसूर झाला का माझ्या हातनं?”

“तुझा कसला कसूर? निघेल आज ना उद्या.”

“बरं. मग उद्या येतो, हुजूर,” म्हणून खंडोजी गेला.

कागद बळवंतरावांच्या बैठकीखाली होता. त्यावर सही झालेली होती, शिक्काही बसला होता. बारा दिवस ते त्या कागदावर मांडी घालून बसले होते. तीस वर्षांच्या कारकुनीत या माणसानं कुणाचा साधा अर्ज एक दिवस अडवला नव्हता. साहेबापुढे उभं राहिलं की त्यांचा आवाज निम्मा व्हायचा. त्यांच्या हातून हे घडत होतं, आणि का घडत होतं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

एकोणीसशे चार साल. मार्गशीर्षात देवासमध्ये उंदीर पडू लागले आणि गाव खाली करायचा हुकूम निघाला. एरवी रस्त्याच्या या बाजूला राजघराण्याच्या थोरल्या पातीचं राज्य, त्या बाजूला धाकट्या पातीचं, अशी आमच्या देवासची तऱ्हा. गाठीच्या तापाला मात्र पाती-बिती कळत नव्हती. दोन्ही बाजूंची माणसं टेकडीपलीकडच्या माळावर तट्ट्यांच्या झोपड्या घालून राहिली. डागदरानं नाना नियम केले, त्यात एक न्हाव्यांचा होता. एकाच वस्तऱ्यानं दहा डोकी करायची म्हणजे रोग घरोघर वाटायचा. तेव्हा सगळ्यांच्या हजामतीच्या धोकट्या लाखेची मोहोर लावून कचेरीच्या कोठीत बंद केल्या. परवाना मिळेल तेव्हाच धोकटी परत. दोन-अडीच महिन्यांत माळावर बैराग्यांचा आखाडा उतरल्यासारखं दिसू लागलं. वेदमूर्तींनाही दाढ्या आल्या, आणि त्या दुःखातसुद्धा लोक एकमेकांच्या दाढ्यांना हसून घेत.

पौषात बळवंतरावांचा एकुलता एक मुलगा नीलकंठ गेला. काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. एकवीस वर्षांचा मुलगा. खांद्याला तीनच माणसं जमली. भीतीनं कुणी झोपडीबाहेर येईना. तेव्हा चौथा खंडोजी आला. “माझा हात लागलेला चालत नाही, ठाऊक आहे जी,” तो म्हणाला, “पण म्हणून पोराला असं पडू द्यायचं का?” त्यानं खांदा दिला आणि अख्खी वाट बदलला नाही.

मागे सून राहिली. सीता, सतरा वर्षांची, धारच्या बापूंची थोरली मुलगी. दहाव्या दिवशी तिचे केस उतरायचे ते राहिले, कारण न्हावी होता पण वस्तरा नव्हता. बळवंतरावांची थोरली बहीण जानकीबाई त्यांच्याच घरी असायच्या. तेराव्या वर्षी केस उतरल्यापासून त्या विधवेच्या लाल आलवणात होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे आता. निर्बंध उठले की पहिलं ते काम.”

मग माळावरचे ते दोन महिने. झोपडीला माजघर कुठलं आणि पडदा कुठला! चार वर्षं ज्या सुनेचा नुसता काकणांचा आवाज बळवंतरावांनी भिंतीआडून ऐकला होता, ती आता समोर चुलीशी बसलेली असायची. आधी नुसती रडायची, मग हळूहळू बोलू लागली. नीलकंठ झोपेत पाढे म्हणायचा, भाजीत मीठ कमी असलं तरी मुकाट जेवायचा, वडिलांच्या अक्षराची चोरून नक्कल काढायचा. बळवंतरावांना आपला मुलगा तिच्या तोंडून नव्यानं कळत होता. एकदा शेजारच्या झोपडीतल्या पोरी काहीतरी बोलल्या आणि केस विंचरता विंचरता सीता फिदकन हसली. लगेच तिनं तोंडावर पदर घेतला. ही अजून पोर आहे, हे बळवंतरावांना त्या दिवशी दिसलं.

फाल्गुन लागला आणि लोक गावात परतले. भिंतींना चुना लागला, घराघरांतून गंधकाचा वास येऊ लागला, बाजार भरला. सोवळंओवळं, पंक्ती, माजघर, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं आणि सीता पुन्हा भिंतीआड गेली. गाव सुटका झाल्यासारखं वागत होतं. बळवंतरावांना मात्र वाटे, माळावरच बरं होतं. जिथे पोटचा पोर जाळला त्या जागेबद्दल असं वाटणं पाप आहे हेही त्यांना कळे, तरी वाटायचं ते वाटेच.

रोज संध्याकाळी ते पगडी खुंटीला लावतात न लावतात तोच जानकीबाई विचारत, “बळवंता, खंडोजीचा परवाना?”

“सही नाही अजून.”

“मग दुसरा कुणी बोलाव.”

“ताई, हे घर खंडोजीच्या वहिवाटीचं. दुसरा न्हावी पायरी चढायचा नाही. पलीकडच्या पातीतला तर नाहीच नाही.”

एवढं मात्र खरं होतं आणि त्याच्याच आधारानं त्यांनी बारा दिवस ढकलले. दुसरा कुणी असता तर बहिणीला सरळ ‘नाही’ म्हणाला असता. बळवंतरावांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद दडवला. धारला बापूंनाही पत्र घातलं होतं, की वाटेवरची नाकी उठली आहेत, येऊन मुलीला घेऊन जा. उत्तर आलं. अजून दोन मुली लग्नाच्या आहेत, तेव्हा तिनं तिकडेच राहावं हे बरं.

तेराव्या दिवशी दुपारी बळवंतराव जेवून मागच्या अंगणात हात धूत होते. भिंतीपलीकडे परसदारात कुणी बोलत होतं. खंडोजीची बायको दुर्गा होती.

“सीताबाई, दोन शेर ज्वारी मिळंल का? लौटा देईन. माळावर सरकारी दाणा मिळायचा, तो बंद झाला. अन् इथं यांच्या हाताला काम नाही. काल पोरांना आंबील दिली, आज ती बी नाही.”

“का? परवाने निघाले ना?”

“सगळ्यांचे निघाले, बाई. आमचाच अटकलाय. का ते समजंना. रावसाहेब बिचारे रोज सांगतात, निघेल निघेल. त्यांचाच काय तो आसरा.”

सूप आपटल्याचा आवाज आला, ज्वारी ओतल्याचा आला. मग सीतेनं पुन्हा विचारलं, “एकटा तुमचाच?” बळवंतराव ओले हात तसेच धरून उभे राहिले.

संध्याकाळी जानकीबाई देवळात गेल्या तशी सीता माजघरातून बाहेर आली आणि झोपडीत यायची तशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मामंजी, कागद कुठं आहे?”

साऱ्या गावाशी खोटं बोलता येत होतं, हिच्याशी येईना. “कचेरीत. माझ्या बैठकीखाली.”

“सही झालेला?”

“झालेला.”

ती खाली बसली. “माझ्यासाठी?” तिनं विचारलं आणि त्यांनी मान हलवल्यावर तिचे डोळे भरून आले. “ज्यांनी यांना खांदा दिला, मामंजी, त्यांची पोरं उपाशी आहेत.”

“ठाऊक आहे गं. अजून चार दिवस जाऊ देत. काहीतरी सुचेल.”

“काय सुचेल?”

बळवंतरावांनी उपरण्याची घडी मोडून पुन्हा घातली.

“आत्याबाईंना तुम्ही नको म्हणाल का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि उत्तर कोणतंही आलं तरी ऐकायला तयार होती. बळवंतरावांनी तोंड उघडलं. बहीण डोळ्यांपुढे आली, भटजी आले, पंक्तीतून उठून जाणारी माणसं आली, साहेबसुद्धा आले. “पोरी...” एवढं ते म्हणाले आणि पुढचा शब्द निघेना. दिवेलागण झाली तरी ती बसून होती. तिनं पुष्कळ वाट पाहिली.

“मग त्यांचा कागद त्यांना द्या,” ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी खंडोजीनं परवाना दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. “तुमच्यामुळं झालं जी. तुमचे उपकार फिटायचे नाहीत,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या उपकारांनी बळवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जानकीबाईंचं बोलावणं त्याच दिवशी त्याच्या घरी पोचलं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो परसदारी आला. फाल्गुन असला तरी सकाळी अजून गारठा होता. त्यानं धोकटी सोडली, वस्तरा उघडला, मिटला, आणि हलक्या आवाजात म्हणाला,

“रावसाहेब, कोठीत पडून पडून वस्तरा गंजलाय. धार यायला आठ-पंधरा दिवस लागतील. आज राहू द्यायचं का?”

वस्तरा लखलखत होता. खंडोजीला सगळं उमगलं होतं. तो बळवंतरावांकडे पाहत होता. ‘राहू दे’ एवढे दोनच शब्द हवे होते. बळवंतरावांनी दाराकडे पाहिलं. दारात जानकीबाई होत्या.

तेवढ्यात सीता बाहेर आली. तिनं स्वतःच पाट मांडला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

“उरका, खंडोजीकाका. घरी पोरं वाट बघत असतील.”

बळवंतराव घरात आले. त्यांना कुठे बसावं कळेना. मागून वस्तऱ्याचा आवाज येत होता, मधूनच खंडोजीच्या नाक ओढण्याचा. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. जानकीबाई चुलीपुढे बसून फुंकर घालत होत्या. चुलीवर न्हाणीतला मोठा हंडा होता.

“ताई, केस उतरल्यावर विहिरीवर थंड पाणीच घालतात ना?”

“घालतात. मला घातलं होतं.” त्यांनी आणखी एक लाकूड आत सारलं. “पहिल्या दिवशी डोक्याला वारा फार लागतो रे. सोसत नाही. तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

धुरानं की कशानं, त्यांनी आलवणाचा पदर डोळ्यांना लावला. मग पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

“न्हाणीची खिडकी लावून घे,” त्या म्हणाल्या.

बळवंतरावांनी जाऊन खिडकी लावली.