चार मिलिमीटर

त्या रविवारी सकाळी आठ वाजता खड्डा चार मिलिमीटरचा होता.

खड्डा म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीवर पडलेला. कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, काचेच्या बाटल्यांत भरताना मी दर वेळी एक प्लास्टिकची बाटलीही भरते. काचेच्या आत दाब किती झाला ते बाहेरून कळत नाही. प्लास्टिक मात्र हळूहळू कडक होत जातं. बहुतेक लोक अंगठ्याने दाबून अंदाज घेतात. अंगठ्याचा जोर रोज सारखा नसतो, म्हणून मी बाटली आडवी ठेवून तिच्यावर एक किलोचं वजन ठेवते आणि किती दबली ते मोजते. भरल्या दिवशी नऊ मिलिमीटर. एकवर आलं की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. शून्याच्या जवळ गेलं, तर काचेच्या बाटल्यांच्या वाटेला जायचं नाही. चार म्हणजे अजून दोन दिवस तरी होते. मी वहीत लिहिलं: बॅच एकोणीस, चार.

मी पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घर माझं आणि दादाचं मिळून आहे. पुढच्या दोन खोल्या दादा-वहिनीच्या, मागची माझी, स्वयंपाकघर सगळ्यांचं. कोंबुचाची बरणी ओट्याच्या कोपऱ्यात असते. गोड काळा चहा गार करायचा, त्यात आधीच्या बॅचमधला थोडा आंबट चहा घालायचा आणि वर ती जाड, पांढरट, सायीसारखी चकती सोडायची. आठ-नऊ दिवसांत चहा आंबतो. त्या चकतीचं नाव वहिनीने सासू ठेवलं होतं.

"वर बसून राहते, आंबट असते आणि वेळच्या वेळी खायला घालावं लागतं," वहिनी म्हणाली होती. "लग्न न करता सासू मिळवलीस. कमाल आहे तुझी."

मी तिला सांगितलं, हॉप्स घालायच्या आधी सासूला बाहेर काढावं लागतं, तिला त्यांचा कडवटपणा सोसत नाही.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "म्हणजे हिलाही कुणीतरी वरचढ भेटलं."

हॉप्स ही एका वेलीची फिकट हिरवी, कागदासारखी फुलं. बियरला कडवटपणा येतो तो त्यांच्यामुळे. बोटांत चुरडली की पिवळी चिकट पूड निघते आणि हाताला लिंबाच्या सालीचा आणि ओल्या गवताचा वास दिवसभर राहतो. मी ती मलमलच्या पिशवीत बांधून दोन दिवस आंबलेल्या चहात बुडवते, मग पिशवी पिळून काढते, चिमूटभर साखर घालते आणि तारेच्या बुचाच्या बाटल्या भरते.

हा खटाटोप मी चवीसाठी केला नव्हता. दादा रोज संध्याकाळी बियर प्यायचा आणि वहिनीला मारायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी गृहीत धरलं. सात महिन्यांपूर्वी पहिली बाटली त्याच्यासमोर ठेवली. थंड, फेसाळ, कडवट, आणि नशा येईल असं त्यात काही नाही. तिसऱ्या बॅचला त्याने ओठ पुसून मान हलवली. "प्रोफेसर, जमलंय तुला," तो म्हणाला. मला तो प्रोफेसरच म्हणतो. त्यानंतर त्याने बियर आणली नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्याच्या जोडीदारांना तो कौतुकाने सांगायचा, बहीण घरात काय काय करते ते.

बियर सुटली. मारणं सुटलं नाही.

तिसऱ्या बॅचला वहिनीचं मनगट. सातव्या बॅचला कान, आठवडाभर तिला डाव्या बाजूने ऐकू येत नव्हतं. नवव्या बॅचला केसांची एक बट मुळापासून उपटली होती, ती मला केराच्या डब्यात दिसली. मी वहीच्या समासात त्या त्या तारखेला एक टिंब काढत असे. प्रयोगाचा निकाल सांगायला तीन बॅच पुरल्या असत्या. मी एकोणीस केल्या. कधी हॉप्स वाढवून पाहिले, कधी साखर कमी केली, कधी जास्त थंड करून पाहिलं, जणू प्रश्न चवीचाच होता.

शिवाय माझ्याकडे एक सोय होती. मी कधीही काही पाहिलं नव्हतं. आवाज चढला की मी बाथरूममध्ये जाऊन बरण्या धुवायला घ्यायची आणि नळ पूर्ण सोडायची. बाराव्या बॅचच्या वेळी वहिनी जबड्याला बर्फाची पिशवी लावून माझ्या खोलीत येऊन बसली.

"कधी कुणी विचारलंच," ती म्हणाली, "तर सांगशील?"

"मी पाहिलं नाही ना, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "नळ चालू होता." मग तिने विचारलं, "सासूला आज चहा घातलास का?"

दादाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं भित्रेपणाच्या एकाच खात्यात जाईल. आमचे वडील पट्ट्याने मारायचे. बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून. दादा अकरा वर्षांचा होता, मी सात. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज आला की दादा मला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभा राहायचा. माझ्या वाटणीचे फटके तोच खायचा. पलंगाखालून मला त्याचे पाय दिसायचे. फटका बसला की टाचा वर उचलल्या जायच्या. मी मोजायची. सर्वांत जास्त एकतीस झाले होते. त्याच्या पाठीवर अजून बक्कलचा चौकोन आहे, एका कोपऱ्यात काटा टोचल्याच्या खुणेसकट. त्या चौकोनाचं देणं माझ्यावर आहे असं मी तीस वर्षं मानत आले.

त्या रविवारी दुपारी जेवायला बसायच्या आधी दादाने ओट्यावरच्या रांगेतली एक बाटली उचलून तारेचं बूच उघडलं.

"अजून दोन दिवस आहेत तिला," मी म्हटलं.

"मला नाहीत," तो म्हणाला. त्याने तोंड लावून मोठा घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला. "हे काय केलंयस? नुसतं कडू."

पोळ्या लाटता लाटता वहिनी म्हणाली, "सासूच्या हातचं आहे. गोड कसं लागेल?" आणि हसली. मीही हसले. माझं हसू आधी थांबलं, कारण मला दादाचा चेहरा दिसत होता. वहिनीची त्याच्याकडे पाठ होती.

"कुणाला हसतेस?" दादा म्हणाला.

मी उठले. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. रिकामी बरणी धारेखाली धरली. बरणी भरून वाहू लागली तरी मी ती धरूनच होते.

आधी एक बोजड आवाज आला. नारळ फरशीवर पडावा तसा, पण ओला. त्यानंतर, एक-दोन सेकंदांनी, काच. हा क्रम नळाच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू आला. मी नळ बंद केला. सात महिन्यांत पहिल्यांदाच मी तो मधेच बंद केला. मला दादाचा श्वास ऐकू आला, आणि मग त्याचं वाक्य, मी बाहेर यायच्या आत, कुणी काही विचारायच्या आत.

"बाटली फुटली."

वहिनी ओट्याखाली बसली होती. उजवा डोळा हाताने झाकलेला. बोटांच्या फटींतून रक्त आणि कोंबुचा मिळून मनगटावर येत होतं, रक्तावरही फेस होता. ओट्याच्या दगडी कडेला तिचे तीन-चार केस चिकटलेले होते. लाटणं घरंगळत दारापर्यंत गेलं होतं. तवा तापत होता, त्यावरची पोळी काळी पडली होती. मी आधी गॅस बंद केला.

"बाटली फुटली," वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुझी बाटली फुटली गं."

मी तिच्या डोळ्यावर स्वच्छ पंचा धरला. दादा खाली बसून काचा गोळा करत होता, चटचट, उघड्या हातांनी. त्याचीही बोटं कापली जात होती. बाटलीची मान माझ्या पायाशी पडली होती, अखंड. तारेचं बूच बाजूला लोंबत होतं. उघडं. उघड्या बाटलीत दाब राहत नाही.

मला हे आधीच माहीत होतं. तरीही मी उठून कपाटाशेजारची प्लास्टिकची बाटली घेतली आणि अंगठ्याने दाबली. वजनाची गरज नव्हती. अंगठा आरामात आत गेला.

दादाने मान वर केली. त्याने ती बाटली अनेकदा पाहिली होती. ती कशासाठी असते हे मीच त्याला हौसेने समजावलं होतं.

"ठेव ती," तो म्हणाला.

मी ठेवली नाही. तो उभा राहिला. त्याने ओट्याच्या कोपऱ्यातली बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि माझ्या पायांपुढे आपटली. पाच लिटर आंबट चहा भिंतीपर्यंत उडाला. काचेचा एक तुकडा माझ्या नडगीत घुसला. सासू फरशीवर पसरली, पांढरी, कातडीसारखी, आणि तो तिच्यावर पाय देऊन पुढे आला. त्याने माझं मनगट धरून पिरगाळलं. प्लास्टिकची बाटली सुटली, पडली, उडाली आणि टेबलाखाली गेली. फुटली नाही.

"तुझ्यासाठी मी काय खाल्लंय, विसरलीस?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडाला हॉप्सचा वास होता. "विसरलीस का, प्रोफेसर?"

"नाही," मी म्हटलं.

"मग? काय झालं इथे?"

मनगटातली दोन हाडं एकमेकांवर घासत होती. वडिलांचीही पकड अशीच होती, अंगठा आतल्या बाजूला. त्या पकडीत मी कधी सापडले नव्हते, तेव्हा दादा होता.

"बाटली फुटली," मी म्हटलं.

त्याने मनगट सोडलं. गाडीची किल्ली घेऊन तो पुढे गेला. मी नडगीतली काच ओढून काढली, वाकून टेबलाखालची बाटली उचलली आणि पिशवीत टाकली. तिच्याखाली वही.

हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर होतं. वाटेत दादा तीनदा म्हणाला की घरात असले उद्योग करू नयेत, तो किती दिवस सांगतोय. वहिनी मागे माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. नवव्या मिनिटाला तिने माझ्या मांडीवर ओकारी केली. "झोप येतेय," ती म्हणाली. मी तिच्या केसांत बोटं घातली. कानामागे मोठं, मऊ टेंगूळ लागलं. डोळा उजवा होता, टेंगूळ डावीकडे.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी दिवा लावून पापणी उघडली, भुलीचे थेंब टाकले, चिमट्याने एक तुकडा काढून बशीत टाकला, मग दुसरा. बशीत बारीक आवाज होत होता.

"कसं झालं?"

"बाटली फुटली," दादा म्हणाला. तो पलंगाच्या उशाशी उभा होता, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. कुणी पाहिलं असतं तर काळजीवाहू नवरा म्हटलं असतं. "बहिणीचा छंद. चहा आंबवते. गॅस होतो त्यात."

"तुम्हीच का त्या?" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आतला पदार्थ किती आम्लधर्मी आहे, कल्पना आहे?"

"पीएच तीन पूर्णांक दोन," मी म्हटलं. "परवा मोजला."

"बरं झालं, कुणाला तरी माहीत आहे." त्या पुन्हा वाकल्या. "स्फोटाच्या काचा खोल जातात. आधी डोळाच उघडून बघावा लागेल. बाकी कुठे लागलंय का, बाई? पडलात वगैरे?"

वहिनीने मान हलवली. नाही. दादाचा अंगठा तिच्या खांद्यावर आतल्या बाजूला होता.

"या अशा झोपाळू का झाल्यात?"

"घाबरली आहे," दादा म्हणाला. "एरवीही दुपारी झोपतेच. आज किती वाजेपर्यंत सोडाल? घरी न्यायचं आहे."

वहिनीचा उघडा डोळा माझ्यावर होता. त्यात विनवणी नव्हती. ती फक्त बघत होती, बारा नंबरच्या बॅचच्या वेळी बघितलं होतं तशी. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं आणि नर्स तिथे नळ सोडून उभी होती. मी तिकडे गेले आणि नळ बंद केला. नर्सने चमकून पाहिलं.

मग मी पिशवीतून बाटली काढून डॉक्टरबाईंच्या समोर, काचांच्या बशीशेजारी ठेवली. शेजारी वही, समासातली टिंबं दिसतील अशी उघडून.

"प्रोफेसर," दादा म्हणाला.

त्याच्या आवाजाने माझ्या टाचा उचलल्या गेल्या. मी त्या खाली टेकवल्या.

"बाटली आपोआप फुटलेली नाही," मी डॉक्टरबाईंना म्हटलं. "ही त्याच दिवशी भरलेली, दाबून बघा, अजून मऊ आहे. आधी हिचं डोकं ओट्यावर आपटलं, डाव्या कानामागे, ते पहिल्यांदा तपासा. बाटली नंतर मारली. माझ्या भावाने मारली, आणि ही पहिली वेळ नाही. पोलिसांना बोलवा, मी जबाब देते. वहिनी त्याच्याबरोबर घरी जाणार नाही."