खिडक्यांचे प्रमुख वक्ते

माहेरी यायचं आणि उतरायचं हॉटेलात, असं कुठल्या आईला ऐकवेल? आमची ईरा मात्र तिच्या वॉन शहरातून फोनवर अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ख्रिसमसला येतोय, पण हॉटेल बुक केलंय. नीलला तुमच्याकडे फार त्रास होतो गं." नील माझा सात वर्षांचा नातू, दमेकरी. गेल्या डिसेंबरात त्याला मागच्या खोलीत झोपवलं होतं. तिथल्या खिडकीवरून रोज सकाळी पाणी ओघळायचं आणि चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. पोराने तीन रात्री खोकून काढल्या. ईराचं काहीच चुकत नव्हतं. ज्यांचं चुकत होतं ते गृहस्थ तेव्हा सोफ्यावर बसून शेंगदाणे खात होते.

आमचे हे, म्हणजे रवींद्र, सरकारी खात्यात पुलांचे इंजिनियर होते. इथे परदेशात, रेजिना शहरात चाळीस हिवाळे काढले, पण डोकं राहिलं रत्नागिरीतच. तिकडे ओल बाहेरून येते, म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. इथेही ह्यांचा तोच कायदा. बेसमेंटमध्ये घरातली कोंदट हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं यंत्र आहे, एचआरव्ही म्हणतात त्याला. ह्यांनी सहा वर्षांपासून त्याचा प्लगच काढून ठेवलेला. मी दोनदा लावला, ह्यांनी दोनदा काढला. बाथरूमचा पंखा लावला की मागोमाग येऊन बंद करायचे. वर म्हणायचे, "बाहेर एवढा बर्फ आहे उल्का, ती ओल कशाला घरात घ्यायची?"

अहो, उणे वीसमध्ये बाहेरची हवा पापडासारखी कोरडी असते. ओल आपलीच आहे, आपल्या कुकरची, आंघोळीची, बेसमेंटमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांची. हे मी सांगून सांगून थकले. "खिडक्याच हलक्या प्रतीच्या आहेत," हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. "मी इंजिनियर आहे." पण पुलाला खिडक्या असतात का, असं मी मनात म्हणायचे. एकदा मोठ्यानेही म्हणाले, तर दोन दिवस अबोला.

ईराचा फोन झाला आणि ठरवलं, आता बोट वाकडं केल्याशिवाय तूप निघायचं नाही. महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी अपूर्वा, तिला फोन लावला. "पुढच्या शुक्रवारच्या सभेला वक्ता मिळाला का गं?"

"नाही ना काकू, सगळे बिझी आहेत."

"मग आमच्या ह्यांना विचार. विषय दे, हिवाळ्यात खिडक्यांवर पाणी का साचतं. आणि माझं नाव मध्ये घेतलंस तर बघ."

आमंत्रण आलं तेव्हा ह्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू. लायब्ररीतून पुस्तकं आली. हवेतला दमटपणा मोजायचं मीटर आलं. ते घेऊन हे माझ्या उकळत्या वरणापाशी उभे राहायचे, मग कोट चढवून बाहेर पोर्चवर, मग परत आत. तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी मीटर बाजूला ठेवलं. मान खाली घालून भात कालवत राहिले. मी ओळखलं, गाडी रुळावर आली. पण बेसमेंटमधला प्लग काही जागचा हलला नाही. पटलं होतं, पण पटलंय हे मला कळू द्यायचं नव्हतं. पुरुषाचा हट्ट, दुसरं काय.

शुक्रवारी चाळीस माणसं जमली. हे बोलले मात्र झकास, ते मी नाकारणार नाही. "मंडळी, ओल बाहेरून येत नाही. ती आपण घरात तयार करतो. स्वयंपाक करताना चिमणी लावा. आंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू ठेवा. एचआरव्ही बंद करू नका." लोक फोनमध्ये टिपून घेत होते. मग हे जरा रंगात आले. "आता या गोष्टींना घरातूनच विरोध होतो बरं का. आमच्याकडेच बघा. मी हिला वर्षानुवर्षं हेच सांगतोय."

हॉल खदखदून हसला आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठून सगळं पितळ उघडं पाडावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर नील आला, आणि मी तो घोट गिळला.

मग उभी राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "खरंय, मीच ऐकलं नाही. पण आता आमच्या खिडक्या कशा कोरड्या ठणठणीत आहेत, ते बघायला रविवारी चारला सगळे चहाला या."

व्यासपीठावर ह्यांचा हात पाण्याच्या ग्लासावर तसाच थांबला.

घरी आल्याबरोबर कोटही न काढता हे बेसमेंटमध्ये उतरले, आणि सहा वर्षांनी ते यंत्र घुरघुरायला लागलं. शनिवारी घरातला एकूण एक पंखा चालू. ओले कपडे ह्यांनी स्वतः ड्रायरमध्ये टाकले. गुडघे धरत मागच्या खोलीत बसून जुन्या टूथब्रशने बुरशी घासली. मी चहा नेऊन दिला आणि जीभ आवरून परत आले.

रविवारी बावीस जण आले. काचा लख्ख कोरड्या. हे छाती काढून एकेक खिडकी दाखवत होते, लोकांना चौकटीवरून बोटं फिरवायला लावत होते. मी मागच्या खोलीच्या खिडकीचा फोटो ईराला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "हॉटेल कॅन्सल केलं, आई." मी वॉशरूममध्ये गेले, पंखा लावला आणि त्याच्या आवाजात जरा रडून घेतलं.

मंडळी गेल्यावर हे कप गोळा करायला लागले. चार-पाच कप उचलून झाल्यावर म्हणाले, "अपूर्वाच्या तोंडून निसटलं. आमंत्रण तुझं होतं."

मी बशा पुसत राहिले.

"एवढं नाटक कशाला केलंस? सरळ सांगायचंस ना."

"सहा वर्षं सरळच सांगत होते," मी म्हणाले. "तुम्हाला फक्त स्वतःचंच ऐकू येतं, म्हणून माईक तुमच्या हातात दिला."